वासाला शून्य

ऑफिसात त्याला पाठीमागे सगळे 'नाकराव' म्हणत. त्याला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. जे फार आवडतं तेच पुढे महागात पडतं, असं त्याची आई म्हणायची. पण ती ते गोड खाण्याबद्दल म्हणायची, म्हणून नाकरावाने कधी मनावर घेतलं नव्हतं.

त्याचं काम तसं सांगायला सोपं होतं. किनाऱ्याजवळ समुद्रात जाळीचे मोठमोठे पिंजरे सोडून त्यांत मासे वाढवतात. वरून खाद्य टाकतात. मासे खातात, काही खाद्य सांडतं, आणि खाल्लेलंही शेवटी कुठेतरी जातंच. ते सगळं पिंजऱ्यांखालच्या तळावर साचतं. बेताने साचलं तर तळातले किडे फस्त करतात आणि कुणाची तक्रार नसते. फार साचलं की किडे गुदमरतात, चिखल काळा पडून सडतो, आणि एक दिवस वरच्या माशांच्याही जिवावर बेततं. म्हणून मत्स्यशेतीवाल्याला पिंजरे वाढवायचे असले की आधी नाकरावाला बोलावणं जातं. त्याने तळाचा चिखल काढून बघायचा आणि सांगायचं, या खाडीला अजून झेपेल की आता पुरे.

चिखलाचा रंग बघतात, त्यातून बुडबुडे येतात का ते बघतात, यंत्राची कांडी खुपसून आकडा घेतात, तो फार खाली गेला की तळ सडतोय असं समजायचं. आणि वास घेतात. वासाचे गुण तीनच. वास नसला तर शून्य, थोडा असला तर दोन, नाक धरायची वेळ आली तर चार. मधलं काही नाही. जितके गुण जास्त तितका तळ वाईट, म्हणजे शाळेच्या अगदी उलट.

नाकरावाची सगळी कीर्ती या वासावर उभी होती. इतर लोक तीनदा हुंगून विचारात पडत, तिथे हा एकदाच नाक खाली नेई आणि आकडा फेकून मोकळा होई. यंत्राबद्दल त्याचं मत त्याने अनेक बैठकांत अनेकांना ऐकवलं होतं. "यंत्राला सर्दी होत नाही हे खरं, पण यंत्राला अक्कलही नसते." लोक हसत, आणि पुढच्या बैठकीत तो तेच वाक्य पुन्हा ऐकवी. नाकाने कांदे सोलणं म्हणतात ते याहून वेगळं नसतं.

त्याने एक नियमही घालून दिला होता. त्याने निकाल सांगेपर्यंत बोटीवर कुणीही चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. एकाने नाक मुरडलं की दुसऱ्याला उगाच वास येऊ लागतो आणि तिसरा तर उलटीच करतो, म्हणून. नियम शहाणपणाचा होता. त्याचं नाव त्याने 'चेहरा बंद' ठेवलं होतं. हाताखाली आलेल्या प्रत्येकाला तो पहिल्या दिवशी शिकवला जाई, आणि सगळ्यांत मन लावून तो शिकली ती रसायनवाली.

रसायनवाली म्हणजे त्याची मदतनीस. नुकतं शिक्षण संपवून आलेली, कांड्या आणि बाटल्या सांभाळणारी, फारसं न बोलणारी मुलगी. तिचं नाकही तयार होत आलं होतं. एकदा किनाऱ्यावर उभ्या उभ्या ती म्हणाली होती, "सर, वारा फिरला, आता पिंजऱ्यांकडून येतोय." तेव्हा नाकराव घरी जाऊन बायकोला म्हणाला होता, "माझ्यानंतर ही." बायको म्हणाली होती, "तुमच्यानंतर म्हणजे? तुम्ही कुठे निघालात?"

आणि मग नाकरावाला ताप आला. साधा, चार जणांना येतो तसा. ताप गेला, खोकला गेला, आणि त्यांच्याबरोबर वासही गेला. पहिल्यांदा वाटलं, येईल दोन दिवसांत. साबण हुंगला, कापूस जाळून हुंगला, धाकट्याचे पायमोजे हुंगले. काही नाही. जेवताना तोंडात नुसतं गरम, गार, खारट आणि मऊ एवढंच कळे. एकदा बायकोने सांगितलं म्हणून तो ओट्यापाशी दुधाजवळ उभा राहिला, आणि दूध त्याच्या डोळ्यांदेखत करपलं. बायको धावत आली.

"अहो, नाकाखाली करपलं की! एवढं मोठं नाक, आणि घरात काडीचा उपयोग नाही!"

"विचारात होतो," नाकराव म्हणाला.

बायकोलाही सांगितलं नाही. डॉक्टरकडे तर गेलाच नाही, कारण ते नाकात नळी घालतात म्हणे, आणि एवढं करून 'आता येणार नाही' म्हणाले असते तर? झाकली मूठ सव्वा लाखाची. एका गायकाचा गळा बसला तर लोक हळहळतात, पण वास घेणाऱ्याचं नाक बसलं तर पोट धरून हसतील, असं त्याला वाटे. आणि खरं तर तोही हसला असता. गंमत त्याच्या स्वतःच्या बाबतीत नसती, तर ऑफिसात सगळ्यांत आधी त्यानेच ती सांगितली असती.

कामावर त्याने एक युक्ती शोधली. नियम त्याच्या माणसांना लागू होता, पण मत्स्यशेतीच्या लोकांना कुणी तो शिकवलेला नव्हता. चिखल वर आला की नाकराव नाक खाली नेई आणि डोळे वर करी. एका ठिकाणी तिथला स्वयंपाकी रुमाल शोधू लागला, नाकरावाने चार दिले. दुसऱ्या ठिकाणी एक जाळीवाला मान थोडी वळवून उभा राहिला, त्याला दोन. दोन्ही वेळा कांडीचे आकडेही जुळले. म्हणजे दुसऱ्यांच्या नाकावर आपलं नाव चालू होतं, आणि नाकराव मनात स्वतःला म्हणाला, काय रे गुरू, आता चेहरे हुंगतोस होय!

ही युक्ती फसली ती मोठ्या खाडीतल्या मत्स्यशेतीत. तिथल्या मॅनेजरला पिंजऱ्यांच्या जितक्या रांगा होत्या तितक्याच नव्याने टाकायच्या होत्या. मॅनेजर माणूस सज्जन. बोटीत चढताना हात देणारा, थर्मासमधून चहा पाजणारा. बोटवाला त्यांचाच, पिंजऱ्यांतच आयुष्य काढलेला. शेवटच्या रांगेखालचा चिखल वर आला आणि ताटात पसरला, तेव्हा नाकरावाने नाक खाली नेलं आणि डोळे वर केले. मॅनेजर प्रसन्न होता. बोटवाला खुशाल दात कोरत होता. रसायनवालीचा चेहरा बंद होता, पण तो तर असणारच.

"शून्य," नाकराव म्हणाला.

रसायनवालीची पेन्सिल थांबली. "सर?"

"शून्य. लिही."

"सर, कांडीचा आकडा फार खाली गेलाय."

"तार हलली असेल. शंकास्पद म्हणून लिही."

"मी सकाळीच तपासून आणली होती."

"समुद्रावर सकाळचं सकाळी. आणि हे बघा," असं म्हणून तो मॅनेजरकडे वळला, "चिखल काळा आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. काठावरच्या झाडांचा पाला कुजून पण रंग येतो. काळं ते सगळंच घाण नसतं." मॅनेजरने कौतुकाने मान हलवली. रसायनवालीने एकदा चिखलाकडे बघितलं, एकदा नाकरावाकडे, आणि लिहिलं. बोट हलली तेव्हा ताट कलंडून थोडा चिखल नाकरावाच्या शर्टावर उडाला. त्याने तो शांतपणे हाताने पुसला.

संध्याकाळी त्याने घराची बेल वाजवली. बायकोने दार उघडलं आणि दोन पावलं मागे गेली.

"अहो, कुठे पडलात? गटारात?"

"का? काय झालं?"

"काय झालं म्हणून मलाच विचारा! तो शर्ट आधी बाहेर काढा. आत पाऊल टाकू नका. शी! अंडी नासली तरी इतका घाण वास येत नाही. तुम्हाला बाई सवय आहे, पण आम्ही माणसं आहोत." आणि खरोखरच तिने त्याला बाहेरच्या पायरीवर शर्ट काढायला लावला. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्याने खिडकी लावून घेतली. नाकराव बनियनवर उभा राहून हातातल्या शर्टाकडे बघत राहिला. मग त्याने तो शर्ट तोंडावर धरला आणि छाती भरून श्वास घेतला. ओलं कापड लागलं नाकाला. दुसरं काही नाही.

म्हणजे चार. चांगले खणखणीत चार. मॅनेजरला आणि बोटवाल्याला रोजच्या सवयीने तो वास कळेनासाच झाला होता, म्हणून त्यांचे चेहरे कोरे. आणि रसायनवालीचा चेहरा कोरा होता तो नाकरावाने स्वतः शिकवलेल्या नियमामुळे. आपण विणलेल्या जाळ्यात आपणच अडकलो, आणि तेही मत्स्यशेतीत. हे त्याला सुचलं, आणि हसूही आलं.

आता कुणालाही वाटेल, दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसात जाऊन सांगितलं असेल. नाही सांगितलं. अंघोळ करताकरताच त्याने सबबी गोळा केल्या. एका जागेचा वास म्हणजे सगळा निकाल नव्हे. कांडीचा आकडा आहेच की, शंकास्पद का होईना. सरासरी काढली की एखादा आकडा बुडून जातो. आणि बुडालाही. अहवालाचा मसुदा तयार झाला तेव्हा खाडी 'चांगल्या'च्या रेषेच्या जेमतेम आत बसत होती. वासाला चार असते तर बाहेर पडली असती, हेही त्याला आकडेमोड न करता दिसत होतं. हा अहवाल गेला की खाडीत दुप्पट पिंजरे पडणार, तळ एखाद्या वर्षात मरणार, आणि मग मासे. पण मसुदा म्हणजे काही अहवाल नव्हे, असं म्हणून त्याने तो टेबलाच्या कोपऱ्यात सरकवला. खाई त्याला खवखवे म्हणतात. त्याला खवखवत होतं, पण घसा खाकरायचीही हिंमत नव्हती.

त्या आठवड्यात रसायनवाली त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"सर, मला आतल्या कामावर टाका ना. नोंदी करेन, बाटल्या धुईन. बोटीवर नको."

"का गं? समुद्र लागतो का?"

"नाही." तिने खाली बघितलं. "मला नसलेले वास येतात, सर. त्या दिवशी शेवटच्या रांगेला मला मळमळलं. मी चार म्हणणार होते. तुम्ही शून्य म्हणालात."

नाकरावाने चष्मा काढला आणि पुसला. तो स्वच्छच होता.

"होतं असं कधी कधी," तो म्हणाला.

"कधी कधी नाही. त्यानंतर मी स्वतःची परीक्षा घेतेय. घरी आईला सगळं विचारते, हे आंबलंय का, ते जळलंय का. आई चिडते. आणि माझी कांडीही चुकली. ती मी पुन्हा तीनदा तपासली, ती बरोबर दाखवतेय, म्हणजे मला तपासताही येत नाही." ती अजिबात रडत नव्हती. चेहरा बंद होता, आणि तेच बघवेना. "दुसऱ्या कुणी शून्य म्हटलं असतं तर मी भांडले असते, सर. पण तुम्ही म्हणालात."

नाकराव काय बोलला ते सांगायलाही लाज वाटते. तो म्हणाला, "बघू. घाई नको."

ती गेल्यावर त्याने तो मसुदा कोपऱ्यातून पुढे ओढला. खोटं बोलून आपली अब्रू वाचवली की कुणाचं काय जातं, असं तो इतके दिवस समजत होता. फार तर खाडीचं जाईल, आणि खाडी काही टेबलापाशी येऊन उभी राहत नाही. पण ही पोर उभी राहिली. तिचं नाक देवाने दिलेलं, त्याने घडवलेलं, आणि त्याच्यासाठी ती ते काढून ठेवायला निघाली होती. त्याला स्वतःचा मनापासून राग आला. त्याने मॅनेजरला फोन लावला आणि सांगितलं, यंत्रात दोष होता, शेवटच्या रांगेचा चिखल पुन्हा घ्यावा लागेल.

अजूनही यंत्रातच दोष होता, बरं का. इतकी हिंमत एकदम येत नाही.

पुन्हा तीच बोट, तोच थर्मास, तोच बोटवाला. रसायनवालीला त्याने 'शेवटचं एकदा चल' म्हणून आणलं होतं. येताना वाटेत त्याने एक मोठं रुबाबदार भाषण जमवलं होतं. नवी पद्धत सुरू करायची आहे. मदतनीसाने आधी वास सांगायचा, वरिष्ठाने मग. म्हणजे ती चार म्हणेल, आपण 'बरोबर' म्हणू, खाडी वाचेल, पोरगी वाचेल, आणि मूठही झाकलेली राहील. भाषण इतकं चांगलं जमलं होतं की बोटीत बसल्यावर त्याने त्यातले दोन शब्द आणखी घासूनपुसून घेतले.

लोखंडी पंजा खाली गेला आणि चिखल घेऊन वर आला. रसायनवालीने तो ताटात ओतला, कांडी खुपसली, आकडा लिहिला आणि पेन्सिल धरून नाकरावाकडे बघत उभी राहिली.

"आजपासून नवी पद्धत," नाकराव म्हणाला. "आधी तू सांग."

"नको, सर."

"अगं, पद्धतच आहे तशी."

"मला जमत नाही ते. मी काहीही सांगितलं तरी तुम्ही सांगाल तेच मी लिहिणार आहे." हे ती अगदी साधेपणाने म्हणाली. "तुम्ही सांगा ना. मॅनेजरसाहेब थांबलेत."

भाषण तिथेच बुडालं. नाकरावाने ताटात बघितलं. काळाकुट्ट चिखल, मधूनच एखादा बुडबुडा फुटत होता. नाक खाली न्यायची त्याला गरज वाटली नाही.

"मला वास येत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे शून्य," मॅनेजर म्हणाला. "तेच तर मी म्हणतोय. उगाच फेरी पडली तुम्हाला."

"या चिखलाचा नव्हे. कशाचाच येत नाही. तापात गेला तो आलाच नाही. माझं नाक आता चष्मा टेकवायला तेवढं उरलंय."

बोटवाला दात कोरायचा थांबला. मॅनेजर आधी हसला, साहेबांनी विनोद केला तर हसावं तसा. मग हसू हळूहळू मावळलं.

"म्हणजे त्या दिवशी..."

"त्या दिवशी मी तुमच्या चेहऱ्याकडे बघून शून्य म्हणालो."

"माझ्या चेहऱ्याकडे?" मॅनेजरने नकळत गालावरून हात फिरवला. "अहो साहेब, मी नव्या पिंजऱ्यांची मागणी नोंदवून बसलोय. माणसं नेमलीत. हे असं कसं... आणि याआधीच्या शेतींत?"

"तिथेही चेहरेच. तेही सगळं पुन्हा करावं लागेल. मी आजच वर कळवतो." बोलताना त्याला वाटत होतं की आता काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. लाटा बोटीला हलकेच टेकत होत्या. फक्त कानांच्या पाळ्या तापल्या, लहानपणी वर्गात उभं केल्यावर तापायच्या तशा.

रसायनवालीने पेन्सिल कानामागे खोचली, गुडघ्यांवर बसली आणि ताटावर वाकली. एकदाच. उठली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते वासाचं की कशाचं हे कळायला मार्ग नव्हता.

"चार," ती म्हणाली, चांगल्या मोठ्या आवाजात. मग मॅनेजरकडे बघून म्हणाली, "मागच्या वेळीही चारच होते. माझी कांडीही बरोबर होती. या रांगेखाली आता काही जिवंत नाही, साहेब. नवे पिंजरे राहू द्या, आहेत तेच आधी इथून हलवा."

मॅनेजर ताटावर वाकला आणि पुन्हा सरळ झाला. "मला कसा वास आला नाही?" तो स्वतःशीच म्हणाला.

परतताना मॅनेजर पुढे बोटवाल्यापाशी जाऊन बसला. मागे ही दोघं आणि बादल्या. नाकरावाला तिची माफी मागायची होती. शब्दही तयार होते, पण सकाळच्या भाषणाची गत बघून त्याचा शब्दांवरचा विश्वास उडाला होता. त्याच्या मनात आलं, ही ओरडेल तर बरं. ऑफिसभर सांगत सुटेल तर आणखी बरं.

"मी डॉक्टरकडे जाऊन आले, सर," ती म्हणाली.

"कसल्या?"

"नाकाच्या. मला येतात ते वास खरे की भास, ते बघायला. त्यांनी नाकात नळी घातली, पार आत घशापर्यंत. काही सापडलं नाही. मग म्हणाले, नाक उत्तम आहे, डोक्याच्या डॉक्टरला दाखवून बघा." ती थांबली. "परवाची वेळही घेऊन ठेवली होती मी त्या दुसऱ्या डॉक्टरची."

नाकाच्या डॉक्टरची पाटी नाकरावाच्याही रोजच्या वाटेवर होती, आणि तापापासून तो तिथून जाताना दुसरीकडे बघत होता. नळीच्या भीतीने. ज्याचं नाक गेलं तो माणूस पाटी चुकवत फिरत होता, आणि जिचं नाक धडधाकट ती त्याच्यापायी खुर्चीत डोकं मागे टेकून बसली होती. इतके दिवस त्याने स्वतःची पुष्कळ टर उडवली होती, पण आता एकही विनोद सुचेना.

"मी उद्याच जातो," तो म्हणाला. पण तेवढ्याने भागत नव्हतं. आणखी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तोंडून बाहेर पडलं ते भलतंच. "ती नळी... दुखतं का गं?"

रसायनवालीने त्याच्याकडे पाहिलं, सरळ, पहिल्यांदाच काही न लपवता.

"दुखतं," ती म्हणाली. "खूप दुखतं, सर."

आणि ती बादलीचं झाकण घट्ट लावू लागली.